पडद्यावर दिसलेलं चाक

छोट्या पडद्यावर ट्रक मागे सरकला आणि त्याच्यामागे उभा असलेला माझा नवरा दिसेनासा झाला. मांडवातले सगळे हिरोकडे पाहत होते. एकटे क्लिनरमामा ओरडले, "गाडी चालून राहिली गा! धरा!"

मामा आमचे शेजारी. जन्मभर ट्रकवर क्लिनर होते, ड्रायव्हर कधी झाले नाहीत. त्याचं दुःखही नव्हतं. "ड्रायव्हर रस्ता पाहते, क्लिनर गाडी पाहते," म्हणायचे.

आमच्याकडे टीव्हीवर जुना सिनेमा लागला की न बोलावता येऊन बसायचे. हिरॉइन मरायची, माझा नवरा पंच्याने डोळे पुसायचा आणि मामा म्हणायचे, "काहून रडतं गा? ते रोजच मरते. मागची गाडी पाह्य. पावाची म्हणून दाखवून राहिले. पावाच्या गाडीले जाळी लागते. हे बर्फाची होय, खालच्या फळ्या सडल्या पाह्य!" नवरा चिडायचा. मी तर एकदा रागाने टीव्हीच बंद केला. मामा चहा पिऊनच उठले.

मग गांधीबागेच्या बाजारात शूटिंग आलं. जुन्या कापडबाजाराचा सिनेमा होता. गर्दीत उभं राहायला माणसं हवी होती. सिनेमाचा वेडा माझा नवरा डोक्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन भिंतीशी उभा राहिला. मी आणि मामा शूटिंगवाल्यांच्या मांडवात, कॅमेऱ्यातलं चित्र दाखवणाऱ्या छोट्या टीव्हीसमोर. भंगारातून आणून रंगवलेला लांब नाकाचा ट्रक पाहून मामा खूश झाले. "हे गठ्ठ्यांचीच गाडी वं! कामठीले असेच जात होत्या. पण हिचा हँडब्रेक धरत नसते." उठून त्यांनी शूटिंगवाल्यांना चाकाखाली लाकडी गुटका लावायला सांगितला. त्यांनी लावला आणि चित्रात दिसतो म्हणून काढलाही. "आजोबा, तुम्ही बसा."

मामा बसले, पण पडद्यावरच्या चाकावरची नजर काढली नाही.

ओरडूनही कोणी हललं नाही. तेव्हा बुडाखालचं स्टूल उचलून, लुंगी सावरत, तो म्हातारा धावला आणि स्टूल मागच्या चाकाखाली कोंबलं. स्टूल मोडलं, पण गाडी अडली. भिंतीच्या आणि गाडीच्या मधोमध चेपलेला नवरा, डोक्यावरून घसरलेला गठ्ठा छातीवर. त्याच्या बरगड्या मोडल्या. मामांची दोन बोटं चेंदली.

दवाखान्यात मी म्हटलं, "मामा, तुमचे उपकार फिटायचे नाहीत."

"उपकार कायचे वं? तुह्या नवऱ्याले सांग, उभ्या गाडीच्या मागं उभं राहाचं नसते."

"मरत होतो ना मी," नवरा कण्हत बोलला.

"हिरॉइन मरते तेव्हा रडतं, अन् सोता मराले चालला होता!"

मला हसू आलं आणि नर्स रागावली.

पुढे मामा आले की मी टीव्हीचा आवाज कमी करायची, त्यांचं ऐकू यावं म्हणून. ते असेपर्यंत आमच्या घरात कोणत्याही हिरॉइनला सुखाने मरता आलं नाही. मागच्या उन्हाळ्यात मामा तापाने गेले.

गांधीबागेत त्या गाडीमागे माझा नवरा वाचला. तो जिवंत आहे.