बरोबरीची शिवी

सत्तर-एकाहत्तर साली किकवीच्या स्टँडजवळ सायकली दुरुस्त करणारे एक काका होते. पूर्वी ते ग्रीक बोटीवर खलाशी होते. कुणी बावळटपणा केला की हसून ‘व्लाका!’ म्हणत. ग्रीकमध्ये व्लाका म्हणजे मूर्ख. मला मात्र कायम ‘मास्तर’. मी बौद्धवस्तीतला, शेजारच्या हॉटेलात माझा कप वेगळा असे.

एकदा मी विचारलं, "ही शिवी द्यायची कशी?"

हाताचं वंगण पुसत ते म्हणाले, "बरोबरीच्याला, हसून. आन् त्यानंबी उलट दिली पायजे, न्हाईतर तो नुसता माज. बोटीवरचा साहेब मला रोज द्यायचा. एक दिस म्याबी दिली. तवापास्नं एका ताटात जेवलो."

पुढच्याच आठवड्यात मी पंक्चर झालेली सायकल तीन मैल दामटत आणली.

"ट्यूबच्या चिंध्या केल्या की! व्लाका!" ते ओरडले.

सारा स्टँड बघू लागला. माझी छाती मात्र फुगली.

"तुम्हीच व्लाका!" मी म्हणालो.

ते पोट धरून हसले. चहा आला तेव्हा माझा वेगळा कप त्यांनी सरळ तोंडाला लावला आणि स्वतःचा माझ्यापुढं सरकवला.