पूजेला बसलेला कार्बोरेटर

जुन्या लष्करी ट्रकचा कार्बोरेटर हळद-कुंकू वाहून बंद पाडता येतो, हे मी स्वतः करून पाहिलेलं आहे. पाप माझंच. सोबत झेंडूची फुलंही वाहिली होती, एवढाच काय तो माझ्या बाजूचा मुद्दा.

कारण म्हणाल तर निव्वळ मत्सर. माझा धाकटा भाऊ परशराम फौजेतून हवालदार होऊन परतला आणि काकतीजवळच्या आमच्या गावात आईपाशी राहिला. मी बेळगावात बँकेत. गेल्या वर्षी मी नवी गाडी घेतली. पांढरीशुभ्र, आतून गारेगार! मोठ्या हौसेने आईला फिरवायला नेलं. फाट्यापर्यंत पोचेतो आईला उलटी झाली.

"वास येतोय रं हिला," आई पदराने तोंड पुसत म्हणाली, "दवाखान्यागत!"

आणि नेमका त्याच महिन्यात परशाने ट्रक आणला.

गुंजीच्या पुढे एका बंद आरागिरणीच्या मागे तो कित्येक वर्षं कुजत उभा होता. फौजेने लिलावात काढलेला, गिरणीवाल्याने लाकडं ओढून ओढून दमवलेला. स्टेअरिंगला वेल गुंडाळलेली आणि ड्रायव्हरच्या जागी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली. (ती काही केल्या उठेना, म्हणून गिरणीवाल्याने कोंबडीसकट ट्रक दिला!) ट्रॅक्टरच्या मागे बांधून ही वरात गावात शिरली तेव्हा सगळं गाव वेशीवर लोटलं. माझी गाडी तिथेच उभी होती. लोकांनी तिच्या बॉनेटवर चढून ट्रक बघितला.

परशाने हा उद्योग आईसाठी केला होता. आमचे आप्पा फौजेत ड्रायव्हर. एकदा त्यांच्या ट्रकांचा ताफा हायवेला थांबला असताना आई भाकरी घेऊन धावत गेली आणि म्हणाली, "मला एकदा वर बसू द्या की." आप्पा म्हणाले, "सरकारी गाडी हाय. बाजूला हो." ही गोष्ट आई जन्मभर हसत हसत सांगत आली. आम्हीही हसायचो. परशा मात्र ती मनात धरून बसला होता. (लबाड कुठला!) आप्पा गेले, आईचे गुडघे संपाची भाषा करू लागले, आणि परशाने गावात जाहीर केलं, "यंदा दसऱ्याला आई ट्रकात बसून शिवेवर सोनं लुटायला येणार!"

झालं. गाव खुळं झालं. कुणी टायर आणला, कुणी रंग. परशा मिशीला पीळ देत सांगायचा, "बर्फात असला ट्रक एका हातानं चालवलाय मी." तो फौजेत स्टोअरला होता आणि त्याने आयुष्यभर घोंगड्या मोजल्या, हे मी चारचौघांत बोलून दाखवलं. कुणी मान वळवूनही पाहिलं नाही.

रोज संध्याकाळी आईचा फोन.

"आज हॉर्न वाजला बाबा! आख्ख्या गल्लीनं ऐकला!"

"माझ्या गाडीलाही हॉर्न आहे, आई."

"असंल की," आई म्हणायची, आणि पुन्हा ट्रकच्या ब्रेकवर यायची.

घरातही फितुरी. माझी बायको सुनंदा एके दिवशी म्हणाली, "अहो, आईंच्या सीटला कापूस कमी पडतोय. तुमची ती जुनी गादी देऊ या." मी ती गादी स्वतःच्या डोक्यावरून नेऊन दिली! वर परशा म्हणतो, "अण्णा, जरा दबलेली हाय रं ही."

खंडेनवमीला आम्ही गावी पोचलो तेव्हा सोप्यात वर्तमानपत्रावर कार्बोरेटर वाळत पडला होता. परशाने तो खोलून धुतला होता. "आता आंघुळ करतो, मग ह्यो बसवतो. उद्या दुपारच्याला ट्रक शिवेवर!" असं म्हणून तो न्हाणीत गेला.

मी त्या कार्बोरेटरकडे पाहिलं, आणि माझ्या मनात भक्ती जागी झाली.

आमच्या घरची रीत अशी की खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडायची, आणि एकदा मांडली की दुसऱ्या दिवशी सोनं लुटून आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. मांडायचा मान थोरल्याचा. हा मान मी कित्येक वर्षं पुरणपोळी खाऊन बजावत आलो होतो. यंदा मात्र धुतलेलं धोतर नेसलो, पाट मांडले, भोवती रांगोळी काढली. विळा, कोयता, कुदळ. मग परशाचे झाडून सगळे पाने, जॅक, ट्रक सुरू करायचं हँडल. आणि मधोमध, गणपतीच्या जागी, कार्बोरेटर! त्याला इतकं हळद-कुंकू वाहिलं की नवरीही लाजली असती.

आई हात जोडून उभी. डोळ्यांत पाणी. "थोरल्याला देवानं बुद्धी दिली गं बाई!"

परशा टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि थबकला.

"अण्णा, कार्बोरेटरबी?"

"मुख्य हत्यार तेच की! त्याच्याशिवाय ट्रक चालतो का?"

"न्हाय चालत," तो हळू आवाजात म्हणाला. "पर आता उद्या सोनं लुटून आल्यावरच उचलायचं न्हवं?"

"घरची रीत आहे बाबा. मी कोण मोडणारा?"

त्याने आईच्या भरल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि खाली वाकून कार्बोरेटरला नमस्कार केला. त्या दिवशी मला पुरणपोळी गेली नाही. (दोनच गेल्या.)

दसऱ्याला आई सकाळपासून नवं इरकल नेसून, नाकात नथ घालून पायरीवर बसली. समोर झेंडूच्या माळा घातलेला ट्रक.

"परशा, कवा सुरू करतोस रं?"

परशाने माझं नाव घेतलं नाही. "आई, इंजिनाचं जरा काम ऱ्हायलंय. फुडच्या वर्षी जाऊ."

"फुडच्या वर्षी गुडघं असायला नगोत व्हय?" आई हसली. "असू दे. थोरल्याच्या गाडीतनं जाऊ. सुनंदा, एक पिशवी घे गं संगं. उलटीला."

म्हणजे मी जिंकलो होतो! मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. आणि आई उलटीची पिशवी घडी करून कमरेला खोचत होती.

"आई," मी म्हणालो, "पूजा आत्ताच उचलली तर?"

"खुळा का काय!"

"उचलायचीच असेल तर?"

आईने विचार केला. "मग ज्यानं मांडली त्यानं एकेका हत्याराची माफी मागून उचलावी."

एव्हाना शिवेकडे निघालेली देवाची पालखी आमच्या दारात आली होती आणि पालखीमागचं गाव सोप्यात डोकावत होतं. मी पाटापुढे गुडघे टेकले. "जॅका, चुकलो. हँडला, चुकलो. मोठ्या पान्या, चुकलो..."

"अण्णा, त्यो बारका पाना ऱ्हायला!" मागून कुणीतरी ओरडलं.

"घरात कधी सॉरी म्हणत नाहीत," सुनंदा शेजारणीला सांगत होती, "आणि पान्याला बघा!"

परशाने कार्बोरेटर घाईघाईत पेट्रोलने धुतला आणि बसवला. हँडल मारलं. ट्रक शिंकला. पुन्हा मारलं. ट्रक खोकला, थरथरला, आणि असा काही गरजला की पालखीचे भोई दोन पावलं मागे सरकले! आईला खुर्चीसकट उचलून वर परशाच्या शेजारी बसवलं. तिने दोन्ही हात हॉर्नवर ठेवले आणि ते तिथेच ठेवले.

मी चालत्या ट्रकच्या दाराबाहेरच्या पायरीवर, परशाच्या बाजूला लोंबकळत होतो. इंजिनाचा कडकडाट, हॉर्न, पुढे ढोल. माफी मागायला याहून चांगली वेळ नाही, असं मला वाटलं. कारण ऐकू जाण्याचा धोकाच नव्हता.

"परशा, चुकलं माझं!"

"क्काय?"

"चुकलं!"

"ऐकू येईना! मोठ्यानं बोल की!"

ढोल शिवेजवळ थांबले होते, ते माझ्या ध्यानात आलं नाही. मी छाती भरून ओरडलो, "मुद्दाम केलं रं मी!" त्याच क्षणी उरलंसुरलं कुंकू इंजिनात अडकलं असावं. ट्रकने आचका दिला आणि गपकन बंद पडला. आईचे हातही दचकून हॉर्नवरून उठले. आणि त्या शांततेत, देवासमोर, पालखीसमोर, माझं उरलेलं वाक्य खणखणीत गेलं, "जळत होतो मी तुझ्यावर! माफ कर मला!"

कुणी हललं नाही. पालखीसुद्धा.

आई वरून म्हणाली, "आणि मी म्हटलं, भक्ती हाय!"

परशाने स्टेअरिंगवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. मिशी हलली, पण हसला की काय ते कळलं नाही.

"माफ केलं का?" मी विचारलं.

"शीव आलीया. आईला ट्रकातनंच पल्याड न्यायची हाय," तो म्हणाला. "उतर. आदी ढकल, मग बघू."

मी उतरलो आणि एकट्याने खांदा लावला. ट्रक तसूभर हलला नाही. मग गाव धावून आलं. पण एवढं धूड हलवायचं म्हणजे सगळ्यांचा जोर एकदम लागला पाहिजे, आणि त्यासाठी काहीतरी घोषणा हवी. ती त्या लोकांना शोधावी लागली नाही.

"अण्णा चुकला... हैऽऽसा! अण्णा चुकला... हैऽऽसा!"

आई हॉर्न वाजवत शिवेपल्याड गेली. घोषणेत सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.