हळदीच्या मांडवात माझा कम्प्युटर बोलला

चहा घेता घेता ऐका, पण एक विनंती आहे. मधेच हसून मला थांबवू नका. एकदा थांबले तर मी पुन्हा सुरू करणार नाही, कारण मुळात बोलणं हा माझा प्रांतच नाही. चारचौघांत कुणी नाव विचारलं तरी मी आईकडे बघते. आणि त्याच माझ्या हातून जे झालं, ते आमच्या आळीत लहान पोरंसुद्धा अजून एकमेकांना करून दाखवतात.

झालं असं की, पाटीलबाईंनी वर्गात वक्तृत्व स्पर्धा जाहीर केली. विषय ध्वनिप्रदूषण. भाग सगळ्यांनी घ्यायचाच. माझं तोंड बघून बाईंनी मला वेगळं बोलावलं आणि म्हणाल्या, "सायली, तुला स्टेजची एवढी भीती वाटते ना, तर घरी रेकॉर्ड करून मला मेल कर. रविवारी संध्याकाळपर्यंत. नाही आलं तर सोमवारी सगळ्या शाळेसमोर उभं राहायचं. आणि पाठवायच्या आधी स्वतः ऐक. मागे खडखडाट असला तर मी घेणार नाही."

मी शनिवारी दुपारी दारं-खिडक्या बंद करून कम्प्युटरसमोर बसले आणि भाषण रेकॉर्ड केलं. भिंतीला भाषण द्यायला मला काहीच वाटत नाही. भिंतीला मी फार छान बोलते. ऐकायचं मात्र राहिलं. स्वतःचा आवाज ऐकायच्या कल्पनेनेच माझे कान गरम झाले. म्हटलं, उद्या ऐकू.

रविवारी मेल उघडायला गेले तर उघडेना. कम्प्युटर म्हणाला, तुमची सिस्टिम जुनी झाली आहे, आधी अपग्रेड करा. हा कम्प्युटर पप्पांनी न्हावा शेव्याच्या त्यांच्या ऑफिसातून जुना म्हणून आणलेला. त्यांचा त्याबद्दल एकच नियम: चालत्या गाडीला खीळ घालायची नाही. पण पप्पा ड्युटीवर, आई शेजारच्या मांडवात आणि घरातला एकुलता एक मोबाईल आईच्या हातात, फोटो काढायला.

मी 'अपग्रेड करा'वर क्लिक केलं.

दुपारभर तो गोल गोल फिरत बसला. बंद पडला, सुरू झाला, पुन्हा बंद पडला. मी त्याच्यासमोरून हलले नाही. शेवटी निळाशार पडदा आला, त्यावर 'स्वागत आहे'. मेलही उघडलं. मी इतकी खूश झाले की एकटीच टाळी वाजवली.

मग भाषणाची फाईल लावली. आवाज नाही.

पडद्यावर रेघ पुढे सरकतेय, खाली सेकंद पळतायत, आणि स्पीकर मुके. आता न ऐकता पाठवावं, तर बाई परत पाठवणार. न पाठवावं, तर सोमवारी स्टेज. मी केस वर बांधले. ठरवलं, आज एकतर आवाज येईल नाहीतर मी जाईन.

आता शेजारचं सांगते. आमच्या भिंतीला लागून पुष्पाकाकूंचं घर. त्यांच्या निलेशदादाची त्या दिवशी हळद. आमच्याकडची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. अख्खी आळी मांडवात, पोरं नाचतायत, माणसाएवढा उंच स्पीकर, आणि तो सांभाळायला निलेशदादाचा चुलत भाऊ रुपेश. गाणी अशी की आमच्या फडताळातले पेले वाजत होते. मी डोकं दुखतंय सांगून घरी थांबलेली. दारं-खिडक्या लावलेल्या, पंखा फुल, आणि काही बारीक आवाज येतोय का ते कळावं म्हणून कानात इअरफोन घट्ट खुपसलेले. इअरफोनमध्येही काही नाहीच.

मी वायरी काढून पुसून पुन्हा लावल्या. कम्प्युटर बंद करून चालू केला. आणि काय नशीब बघा, तो चालू झाला आणि नेमकी त्याच वेळेला शेजारची गाणी बंद पडली. मला वाटलं, देवालाच माझी दया आली.

सेटिंगमध्ये आवाज तपासायचं एक बटण सापडलं. दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. बाहेर कुणीतरी घंटा वाजवल्यासारखं वाटलं. म्हटलं, कुल्फीवाला मांडवाकडे आला असेल.

मग भाषण लावलं. सुरुवातीपासून नाही. सुरुवातीला माझा आवाज थरथरतो, ते मला माहीत होतं. मी मधूनच लावलं, जिथे मला जोर चढतो तिथून. 'थांबवा हा गोंगाट. शेजारी आजारी माणूस असेल, अभ्यास करणारं मूल असेल. मोठ्याने स्पीकर लावणं हा कायद्याने गुन्हा आहे, हे विसरू नका.' असा तो भाग.

इअरफोनमध्ये शांतता. पण बाहेर मांडवात कुठल्यातरी बाई भाषण करायला लागल्या. शब्द कळत नव्हते, पंख्यात आणि इअरफोनमध्ये सगळा नुसता घुमारा. आमच्याकडे हळदीला पुढारी येतात, दोन शब्द बोलतात, त्यात नवीन काही नाही. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. आत्ता कुठे गाणी थांबली, मला जरा कान लावून ऐकता येईल, तर या बाईंना आत्ताच बोलायचंय.

मी भाषण थांबवून कान टवकारले. बाईही थांबल्या. बरं झालं, दमल्या असतील.

मी पुन्हा लावलं. बाईंनी पुन्हा सुरू केलं.

"काय बाई आहे," मी कम्प्युटरला म्हणाले. "हिला दुसरी वेळ मिळेना."

तेवढ्यात दार ढकलून आई आत आली. हात कोपरापर्यंत पिवळे, तिला मोठी परात हवी होती. मी भाषण थांबवलं आणि इअरफोन काढले.

"डोकं थांबलं का गं?" तिने विचारलं.

"थोडं. बाहेर काय चाललंय?"

"अगं, गोंधळच झालाय. त्या स्पीकरवर कोण बाई मधेच बोलते आणि दम देते. आवाज बंद करा, गुन्हा हाय म्हणते. रुपेशचं गाणं लागतच न्हाय. भाऊकाका घाबरलेत. म्हणतात पोलिसांनी कायतरी नवीन यंत्र काढलंय, लांबूनच आपला स्पीकर धरतात. सरपंचांना फोन लावून झाला."

"मग?"

"मग काय, पोरं बसली खुर्च्यांवर तोंड पाडून. पण बाई बोलते काय खणखणीत. शब्द न् शब्द सुटा. ऐकत राहावं." तिने परात काखेत मारली आणि माझ्याकडे बघून सुस्कारा टाकला. "न्हायतर आमचं रत्न. पाहुण्यांना पाणी दे म्हटलं तरी भिंतीआड."

ती गेली. मला जरा वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. आपल्या गावात आपल्याच विचारांची, एवढी धीट बाई कुणीतरी आहे. स्पर्धा झाली की तिला भेटायचं, असंही मी मनात ठरवलं. हसू नका म्हटलं होतं ना?

मी पुन्हा कामाला लागले. आणि मला चूक सापडली. म्हणजे तेव्हा तसं वाटलं. आवाजाची पट्टी निम्म्यावरच होती. मी ती ओढून शंभरावर नेली आणि या वेळी शेवटचा भाग लावला. 'चला, शपथ घेऊ या. आजपासून माझ्या दारात स्पीकर वाजणार नाही.'

फडताळातले पेले पुन्हा वाजले.

बाहेर एकदम चिडीचूप झालं. इतकं की मला स्वतःचा पंखा ऐकू यायला लागला. वैतागून मी पंखा बंद केला, इअरफोन टेबलावर टाकले आणि पडद्याकडे बघत बसले. रेघ पुढे सरकतच होती. भाषण संपलं होतं, पण फाईल संपली नव्हती. शनिवारी भाषण झाल्यावर मी घाम पुसत बसले होते आणि रेकॉर्डिंग थांबवायचं विसरले होते, ते तेव्हा लक्षात आलं.

आणि बाहेरून आईचा आवाज आला. स्पीकरवरून.

"हो गं, हळदीचा आहेर राहिलाच होता. आता कुठे जाऊ साडी घ्यायला?"

मला वाटलं, आईने माईक घेतला. पण हे असलं माईकवर कोण बोलतं? ही तर माझ्या मावशीशी फोनवर बोलते तशी बोलत होती. शनिवारी दुपारी स्वयंपाकघरात बोलत होती, अगदी तशी.

"ती हिरवी साडी नाही का, मला कुणीतरी दिलेली, मी एकदाही नेसले न्हाय..."

मी घाबरून थांबवायचं बटण दाबलं. आई थांबली.

आता विचार करा. कुणाचीही आई अशी बटणावर थांबत नसते. शहाणी मुलगी तिथेच सोडून देते. पण मी दुपारपासून तपासत बसलेली, एक गोष्ट दोनदा करून बघितल्याशिवाय मला खात्री पटत नव्हती. मी पुन्हा बटण दाबलं.

"...तीच पुष्पाताईला देऊन टाकते. तिला काय कळतंय रंगातलं."

मी भिंतीतून प्लगच उपटला.

पुढच्या क्षणाला आई दारात. आता ती नुसती हळदीने पिवळी नव्हती. तिने माझं मनगट धरलं आणि मांडवात नेऊन उभं केलं. अख्खी आळी खुर्च्या वळवून बघत होती. मधोमध पुष्पाकाकू बसलेल्या. अंगावर तीच हिरवी साडी.

"हिने केलं," आई म्हणाली. "ताई, माझ्या मनात तसं काय न्हवतं..."

रुपेश आपला मोबाईल बघत ओरडला, "अरे लागला, लागला. आता जोडला गेला स्पीकर." मग माझ्याकडे वळला. "म्हणजे इतका वेळ तो तुमच्या कम्प्युटरला जोडलेला? गणपतीत आरत्या लावायला हाच स्पीकर होता. तूच जोडला होतास ना ब्लूटूथवर?"

मीच जोडला होता. मी विसरले होते, कम्प्युटर विसरला नव्हता. नवीन सिस्टिमने उठल्या उठल्या जुनी ओळख शोधली, आणि रुपेश मोबाईल घेऊन बर्फ आणायला गेला तेवढ्यात माझा आवाज तिकडे पाठवायला सुरुवात केली. मी इकडे वायरी पुसत होते.

"म्हणजे पोलीस न्हवतेच?" भाऊकाका म्हणाले. ते निलेशदादाचे वडील. त्यांनी घाबरून मांडवाच्या माळासुद्धा विझवल्या होत्या.

कुणी हसत नव्हतं. सगळे पुष्पाकाकूंकडे बघत होते. काकूंनी पदर हातात घेतला, काठ उलटसुलट करून बघितला.

"वैशाली," त्या आईला म्हणाल्या, "तुला ही साडी कुणी दिली ते आठवतंय का?"

"न्हाय ओ ताई. खूप वर्षं झाली."

"मी दिलेली. ही सायली पोटात होती तेव्हा, तुझ्या डोहाळजेवणाला. मला पण तेव्हा कुणाकडनं तरी आलेली. मला रंग आवडला न्हवता." त्यांनी पदर पुन्हा खोचला. "काल बघितल्या बघितल्या ओळखली. म्हटलं, साडी माहेरी परत आली, तर नेसावी."

पहिली हसली ती हिराआजी, आमच्याकडची लग्नाची जुनी गाणी म्हणणारी म्हातारी. मग सगळा मांडव. हिराआजीने तर मला जवळ ओढून माझ्या दोन्ही गालांना हळद फासली. "त्या डबड्यापुढं माझा गळा कुणी ऐकतच न्हवतं," ती म्हणाली. "तुझ्यामुलं चार गाणी तरी झाली. रोज बंद पाड."

आई हसली तेव्हा कुठे तिने माझं मनगट सोडलं. मी सटकायला वळले आणि समोर पाटीलबाई. हातात सरबत. निलेशदादा त्यांचा जुना विद्यार्थी, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

"हे तुझं भाषण?" बाईंनी विचारलं.

मी मान हलवली.

"मेल करणार होतीस?"

"हो बाई. आवाज आला की लगेच करते."

"नको करूस. आवाज आलाय. गुन्ह्याचा भाग तर मला पाठ झाला." त्या सरबताचा घोट घेऊन म्हणाल्या, "चांगलं आहे. खरंच चांगलं आहे. पण रेकॉर्डिंग मी घेणार नाही."

"का?"

"मागे साड्यांचं बोलणं येतं. उद्या स्टेजवर ये."

माझ्या डोळ्यांसमोर शाळेचं मैदान आलं. रांगा आल्या. दुपारपासूनची सगळी मेहनत, वायरी, सेटिंग, सगळं डोक्यात चढलं आणि मी जीव तोडून म्हणाले, "नाही बाई, मला नाही जमणार, मला इतक्या लोकांसमोर तोंडातून शब्द काढता येत नाही."

स्पीकर बंद होता, माईक कुणाच्या हातात नव्हता, तरी पार शेवटच्या खुर्चीवरून भाऊकाका म्हणाले, "ऐकू आलं, पोरी. अगदी सुटं सुटं."