सालगड्याने दाखवलेलं झाड

त्या सकाळची आठवण काढायला मला डायरी उघडावी लागत नाही. मार्च संपत आला होता, जंगलात मोहफुलं पडायला लागली होती आणि साडेसातच्या सुमाराला एका गावच्या पोलीस पाटलाचा ठाण्यावर फोन आला. मोहफुलं वेचायला गेलेली एक बाई झाडाखाली मरून पडली आहे, साप चावला असावा, असं तो म्हणाला. ठाण्याचं नाव इथे लिहीत नाही, माणसांचीही लिहिणार नाही. नागभीडच्या बाजूचा धानाचा आणि जंगलाचा मुलूख होता, एवढं पुरे.

मला तिथे रुजू होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. मी मूळचा कृष्णाकाठचा. मला ऊस कळायचा, धान कळत नव्हता आणि मोहाची ओळख फक्त हातभट्टीच्या कॅनमधून झालेली. तरीही ठाणं आपल्याला पुरतं कळलं आहे, असा माझा समज होता. नवीन साहेबांचा तसा समज असतोच.

स्टेशन डायरीला नोंद घेऊन बीट जमादाराबरोबर निघालो. हा जमादार त्याच भागातला, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, कमी बोलणारा माणूस. प्रेत एका मोठ्या शेठच्या शेताच्या मागे, गाडीवाटेला लागून असलेल्या झाडाखाली होतं. शेजारी टोपली ठेवलेली, पण रिकामी. खाली मोहफुलांचा सडा आणि टोपलीत एक फूल नाही, हे मला खटकलं आणि पंचनाम्यात लिहून घेतलं. डाव्या नडगीवर एक बारीक काळी रेघ होती, तीही लिहिली. मात्र बाईचा नवरा जवळ उभा राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, ते मी लिहिलं नाही. "साहेब, हे झाड आमचं नाई," असं तो म्हणत होता. दुःखात माणूस काहीही बोलतो, असं समजून मी त्याला बाजूला बसवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा अहवाल आला. मृत्यू विजेच्या धक्क्याने झाला होता. आता जंगलातल्या झाडाखाली वीज येणार कुठून? सर्वांत जवळचा मीटर शेठच्या शेतावर होता. त्याच्याकडे बोअरच्या पाण्यावर उन्हाळी धान उभा होता आणि रानडुकरांसाठी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तार लावून तिच्यात करंट सोडण्याचा प्रकार त्या भागात सर्रास चालायचा. आम्ही गेलो तेव्हा धुऱ्यावर तार नव्हती, पण खुंट्या नुकत्याच उपटल्याची ओली भोकं ओळीने दिसत होती. अकस्मात मृत्यूची नोंद बंद करून सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला.

शेठला नोटीस पाठवायची तयारी चालू होती, तोवर दुपारी शेठ स्वतःच आले. राईस मिलचे मालक, दोनदा निवडून आलेले, बोलायला अत्यंत गोड. बरोबर वकील होते आणि मागे पन्नाशीचा एक सालगडी, म्हणजे वर्षाच्या बोलीने शेतावर राबणारा गडी. शेठ म्हणाले की हा आमचा जुना माणूस, याने मला न विचारता तार लावली, घाबरून प्रेत हलवलं, आज माझ्याकडे कबूल केलं, कायद्याला मदत म्हणून मी त्याला घेऊन आलो. मी शेठना समोरची खुर्ची दिली. चहा मागवला. सालगडी दाराजवळ जमिनीवर बसला. त्याला तिथे बस असं कोणी सांगितलं नाही. तो आपणहूनच बसला आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

याच ठाण्यात नोव्हेंबरमध्ये, मी रुजू झाल्यावर पंधराच दिवसांत, अगदी असाच गुन्हा घडला होता. तिथे आरोपी दोन एकरांचा शेतकरी होता. त्याने लावलेल्या तारेने शेजारी दगावला. सकाळी फिर्याद आली आणि दुपारच्या जेवणाआधी मी त्याला अटक केली होती. त्याने नाकारलं नाही, रडला फक्त. त्याचा सातबारा भावांबरोबर सामाईक, भावांशी बोलणं नाही, त्यामुळे जामीन राहायला कोणी पुढे येईना. शेठ माझ्यासमोर बशीत चहा ओतत होते त्या दुपारी तो शेतकरी जिल्ह्याच्या तुरुंगात पाचवा महिना काढत होता. हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

सालगड्याला अटक करून विचारपूस सुरू केली. मीच तार लावली, मीच करंट सोडला, पहाटे बाई लागली, मी भेलो, उचलून मोहाखाली ठेवली. तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा हेच शब्द, याच क्रमाने. माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा की, खरं सांगणारा माणूस प्रत्येक खेपेला थोडं वेगळं सांगतो. काही विसरतो, काही नवीन आठवतं. पाठ केलेला माणूस मात्र शाळेतल्या कवितेसारखं म्हणतो. शंका आली, पण शंकेवर कोर्ट चालत नाही. शेठचं नाव कुठेच नव्हतं आणि स्वतःहून "मीच केलं" म्हणणारा माणूस कोठडीत होता. प्रकरण तिथेच मिटवलं असतं, तर वर कोणीही मला एक प्रश्न विचारला नसता. सालगडी काही वर्षं आत गेला असता आणि शेठचं पुढचं पीक वेळेवर निघालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांना घेऊन आम्ही त्याला जागा दाखवायला नेलं. बाईचा नवराही गावातून चालत मागे आला. शेताच्या धुऱ्याशी पोचल्यावर मी सालगड्याला म्हणालो की, बाईला उचलून जिथे ठेवलं ती जागा दाखव. तो क्षणभरही घुटमळला नाही. डावीकडे वळला, कोरडा नाला ओलांडला आणि तीन-चारशे पावलं चालून एका वाकड्या खोडाच्या मोहापाशी थांबला.

"इथी ठेवली जी," तो म्हणाला.

प्रेत सापडलं होतं ते झाड तिथून दिसतही नव्हतं. ते उजवीकडे, गाडीवाटेला. पंच एकमेकांकडे पाहायला लागले. मी जमादाराकडे पाहिलं, तर तो चक्क हसत होता. त्याने मला बाजूला घेतलं आणि जे सांगितलं ते मला पाच महिन्यांत कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. जंगल सरकारचं, पण मोहाची झाडं घरोघरची. कोणत्या झाडाची फुलं कोणत्या घराने वेचायची हे आज्या-पणज्यापासून ठरलेलं असतं. बाप मुलांना शेताबरोबर झाडंही वाटून देतो. झाडाखालचा पाला त्याच घरची बाई साफ करते आणि दुसऱ्याच्या झाडाखाली फुलं लाख पडून राहोत, कोणी वाकत नाही. हे वाकडं झाड त्या बाईचं होतं. मोहफुलं वेचताना बाई मेली असं दाखवायचं असेल, तर गावचा माणूस तिला तिच्याच झाडाखाली ठेवील. आणि सालगड्याने प्रत्यक्षात काहीच केलं नसल्यामुळे, तिला तिथेच ठेवलं असणार, असं त्याने गृहीत धरलं होतं.

मला नवऱ्याचं ते वाक्य आठवलं. हे झाड आमचं नाही. तो दुःखाने बरळत नव्हता, तो मला तपास सांगत होता आणि मी त्याला बाजूला बसवलं होतं. मला मनापासून लाज वाटली.

आपलं कुठेतरी चुकलं हे सालगड्याला आमच्या तोंडांवरूनच कळलं. तो खोडाला टेकून खाली बसला. जमादाराने त्याला पाणी दिलं. मी आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "भाऊ, त्या पहाटे तुम्ही होतात कुठे?"

तो होता सिंदेवाहीकडे, लेकीच्या गावी, नातवाच्या बारशाला. सगळ्या आळीने त्याला पाहिलं होतं. दुपारी शेठचा ड्रायव्हर गाडी घेऊन तिथे गेला आणि त्याला थेट शेठच्या घरी घेऊन आला. वाटेत काय बोलायचं ते शिकवलं. मोहाखाली ठेवली म्हण, एवढंच सांगितलं. कोणत्या मोहाखाली, ते ड्रायव्हरलाही सांगावंसं वाटलं नाही. ड्रायव्हर शहरातला, त्याला सगळे मोह सारखेच.

मी त्याला विचारलं की तू हो का म्हणालास. मारलं का, धमकी दिली का. त्याने मान हलवली.

"नाई जी. शेठ आत गेले तं मिल बंद पडन, किती घरचे लोक बसतीन. मी आत गेलो तं काय अडते? बैलं दुसरा कोणी सोडन."

हे तो कुरकुरीने म्हणत नव्हता. सरळ हिशेब सांगावा तसा सांगत होता. मला आधी त्याचा राग आला आणि मग तो राग स्वतःकडे वळला, कारण त्याच्या या हिशेबावर आदल्याच दिवशी माझ्याच खोलीत शिक्का बसला होता. एकाला खुर्ची, एकाला जमीन.

ते मला स्पष्ट सांगितलं बाईच्या नवऱ्याने. त्याच संध्याकाळी मी त्याचा पुरवणी जबाब घेतला. मी बस म्हणालो, तर तो जमिनीवरच टेकायला लागला. खुर्चीवर बसा म्हणालो, तेव्हा खुर्चीच्या कडेवर टेकला.

"एक विचारू का साहेब? काल मी डाक्टरचा कागद न्यायले आलो, तवा शेठ इथी बसून चहा पिऊन राह्यले होते. बाई माझी मेली होती अन् मी दाराशी उभा होतो. शेठले खुर्ची काऊन भेटली? राग नाई जी, फक्त विचारून राह्यलो."

मी त्याला म्हणालो, माझं चुकलं. वर्दीत हे वाक्य बोलायला जड जातं, पण बोलल्यावर बरं वाटतं.

पुढचं काम सोपं नव्हतं, पण सरळ होतं. बारशाला आलेल्यांचे जबाब घेतले. ड्रायव्हर अर्ध्या तासात बोलला आणि त्याचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घेतला. सालगडी गावाला गेला म्हणून शेठनी आदल्या संध्याकाळी तारेत करंट सोडायला स्वतःच आकडा टाकला होता. पहाटे जाग आली नाही, आकडा काढायचा राहिला आणि आपल्या झाडाकडे निघालेली बाई तारेत अडकली. मग शेठ आणि ड्रायव्हर दोघांनी तिला गाडीत घालून पहिलं जे झाड दिसलं त्याच्याखाली ठेवलं. सालगड्याविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल कोर्टात दिला आणि तो सुटून घरी गेला. शेठचं नाव आरोपीत आलं. त्याबरोबर फोन सुरू झाले, आणि फोन करणारे सगळे माझ्या तब्येतीचीच आधी चौकशी करायचे. अटकेच्या दिवशी शेठ माझ्या खोलीत आले आणि सवयीने खुर्चीकडे हात गेला. जमादार म्हणाला, "आरोपी बाहेरच्या बाकावर बसतात शेठजी." असं तो अगदी आदराने म्हणाला. शेठ बाकावर बसले, एका कोंबडीचोराच्या शेजारी.

अटकेनंतर शेठच्या छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात भरती झाले आणि लवकरच जामिनावर सुटले. खटला पुष्कळ वर्षं चालला. शिक्षा झाली, अपील झालं, अपिलात थोडी कमी झाली. शेठ प्रत्यक्ष किती दिवस आत राहिले आणि तो दोन एकरवाला किती राहिला, याची तुलना वाचकांनी स्वतः करावी. शेठ जामिनावर सुटले त्या दिवशीच मी ती तुलना केली होती आणि दुसऱ्याच दिवशी त्या शेतकऱ्याच्या बायकोला बोलावून घेतलं. सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, ते पाच महिने उशिरा सांगितलं. वकील मिळाला. कोर्टाने जामिनाच्या अटी सैल केल्या आणि नांगरणीच्या आत तो घरी आला.

कायदा सगळ्यांना सारखा नाही, असं लोक म्हणतात, तेव्हा कोर्टाकडे बोट दाखवतात. मीही दाखवायचो. या प्रकरणाने मला शिकवलं की फरक पडायला सुरुवात फार आधी होते. ठाण्याच्या दारात कोणाचं वाक्य लिहून घेतलं आणि कोणाचं सोडून दिलं, कोणाला बसायला सांगितलं, तिथे. न्यायाधीशापर्यंत पोचतो तो आम्ही लिहिलेला कागद. मी त्यानंतर जिथे गेलो तिथे खोलीत चार प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या. जो येईल तो बसेल, आणि आरोपी असेल तर बाहेरच्या बाकावर, मग तो कोणीही असो. माझे सहकारी मला खुर्चीवाले साहेब म्हणून चिडवायचे. माझ्या निरोपसमारंभात त्यांनी मला खुर्चीच भेट दिली. आता वरोऱ्याला माझ्या गच्चीवर ती आहे, आणि तिच्यात बसून मी हे लिहितो आहे.

गेल्या वर्षी मोहाच्या दिवसांत सालगड्याचा फोन आला, एकदा येऊन जा म्हणून. गेलो. आता तो शेठकडे नाही. दुसऱ्याची जमीन ठोक्याने, म्हणजे वर्षाच्या ठराविक खंडाने, करतो, आणि ज्याच्या बारशाला गेल्यामुळे तो वाचला तो नातू सायकल चालवतो. सकाळी सालगडी मला नाल्यापलीकडच्या वाकड्या झाडापाशी घेऊन गेला. बाईचा नवरा तिथे फुलं वेचत होता. झाडाखालची जागा त्याने अंगणासारखी स्वच्छ झाडलेली होती. आता ते काम तोच करतो.

मला पाहून तो उठला, हात पुसले आणि इकडेतिकडे पाहत ओशाळून म्हणाला, "साहेब, इथी खुर्ची नाई."

"कोणालाच नाही ना?" मी विचारलं.

"नाई जी."

"मग झालं तर," म्हणालो आणि त्या दोघांच्या मध्ये, झाडलेल्या जमिनीवर बसलो.