ठिपक्यांतली लूपुला

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या नंदाकाकूंना निवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना. सॉफ्टवेअरमध्ये तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधलेली बाई; घरी काकांच्या चुका काढून काढून किती काढणार? म्हणून त्या दर मंगळवारी युनिव्हर्सिटीच्या छोट्या म्युझियममध्ये फुकट काम करायला जात. काम कसलं, डब्यांवर लेबलं चिकटवायची. तरी मंगळवारची वाट त्या बुधवारपासूनच बघत.

तिथे अस्मिता पीएचडी करत होती. रोमन साम्राज्याच्या सीमेवर सापडलेले ब्रोच, म्हणजे वस्त्र खांद्याशी अडकवायच्या पिना, आणि त्यांवरचे कारागिरांचे ठसे, हा तिचा विषय. त्या दिवशी तिचे पाय जमिनीवर नव्हते.

"काकू, नवा मेकर सापडला! लूपुला, बाईचं नाव. कुठल्याच लिस्टमध्ये नाहीये. आज पेपर सबमिट करते."

काकूंनी स्क्रीनवरचा मोठा केलेला फोटो पाहिला. अक्षरं ठिपक्याठिपक्यांची होती. नाशिकला वडिलांच्या भांड्यांच्या दुकानात छिन्नी-हातोडी घेऊन पातेल्यांवर नावं घालण्यात त्यांच्या कितीतरी सुट्ट्या गेल्या होत्या. बोलावं का? पोरीच्या आनंदावर विरजण पडणार, आणि आपण पडलो लेबलवाल्या. उद्या येऊ नका म्हणाली तर? पण चूक दिसल्यावर गप्प बसणं काकूंना जन्मात जमलं नव्हतं.

"हे बनवणाऱ्याचं नाव नाही गं. ठसा एका घावात उमटतो. इथे एकेक ठिपका वेगळा मारलाय, शेवटचं अक्षर तर वळणावर घसरलंय. वस्तू तयार झाल्यावर घातलेलं नाव आहे हे. आम्ही गिऱ्हाइकांची नावं अशीच घालायचो. लूपुला ही मालकीण असणार."

अस्मिताने फोटो फिरवला, आणखी मोठा केला, पुन्हा फिरवला. काकूंनी निमूटपणे पर्स उचलली.

"काकू, कुठे निघालात?" अस्मिताने त्यांच्या हातातली पर्स काढून घेतली. "सैनिकांच्या छावणीतल्या ब्रोचवर एका बाईने स्वतःचं नाव घालून घेतलंय! हे मेकरपेक्षा कितीतरी भारी आहे. आणि असे ठिपके मी बेचाळीस ब्रोचवर नुसती नक्षी म्हणून सोडून दिलेत."

तिने पेपर बाजूला सारला, त्या बेचाळीसांतला पहिला ब्रोच मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि समोरची आपली खुर्ची रिकामी केली. काकू बसल्या, भिंगाला डोळा लावला आणि एकेक अक्षर सांगू लागल्या. अस्मिता लिहून घेऊ लागली.