जहाजाच्या खिडकीची कडी

नाही वं बायाहो, ही अंगठी मले कोणी देल्ली नाही. आमच्या घरी शोभेची जहाजं बनतात, त्यायच्या गोल खिडकीची पितळी कडी आहे. काल सकाळी तार तापवून वाकवली, गोल झाली का पाहाले बोटात घातली, अन् अडकली.

सासूबाई म्हणे, "रांडमुंड बाईच्या बोटात अंगठी? लोक काय म्हणतीन?"

मी म्हटलं, "म्हणतीन, सुनेनं जहाजासंग पाट लावला."

देर पत्र्याची कात्री घेऊन आला. मी हात पदराखाली लपवला. "बोट सुजलं, भाऊजी. उद्या कापा."

मंग कोणाले दिसू नये म्हणून दिवसभर घरात कोंडलं मले. नदीवर धुणं धुवालेही जाऊ देल्लं नाही.

खरं सांगू? साबण लावल्याबरोबर कडी निघाली होती. मीच परत घातली.