अभी डाला
फ्रीगंजच्या किराणा दुकानात धुण्याचा सोडा दिसला की मला भैरवगढ़चे चाचा आठवतात; त्यांच्याकडे मी ठप्प्यांची छपाई शिकत होते. "सोडा पड़ा कि रंग पानी से ही ब्याह कर लेता है, फिर कपड़े का नहीं रहता," असं ते सांगायचे, म्हणून त्यांनी तोलून दिलेला सोडा ऐन छापताना घालायचा. सकाळची घाई नको म्हणून मी एकदा आदल्या संध्याकाळीच तो लाल रंगात कालवून ठेवला. सकाळी चाचांनी विचारलं, "सोडा?" मी म्हटलं, "अभी डाला." त्यांनी अख्खी साडी छापली, लालभडक. वाफ देऊन धुतली, तेव्हा सगळा लाल हौदात उतरला आणि कापडावर फिकट गुलाबी वेल उरली. ओली साडी डोळ्यांजवळ नेऊन चाचा म्हणाले, "सोडा मैंने ही कम तोला होगा. नज़र गई अब." मी म्हटलं, "होता है, चाचा." त्या दिवसापासून त्यांनी तराजू माझ्यापुढे सरकवला. "तू ही तोल, बेटा. तेरी आँख सच्ची है." आता माझ्याकडे मुली शिकायला येतात. त्यांना मी चाचांचं ते ब्याहवालं वाक्य सांगते. साडीचं मात्र अजून कुणाला सांगितलेलं नाही.